चांद्याचा परकोट

इटलीला जाऊन आलेली मंडळी तेथील टेकड्यांवरच्या जुन्या गावांची वर्णने मोठ्या हौसेने सांगतात. त्यांत सान जिमिन्यानोचे नाव हटकून निघते. एके काळी तेथे 72 मनोरे होते म्हणतात; आज 14 उभे आहेत. श्रीमंत घराण्यांनी ते चढाओढीने बांधले. पुढे 1348 च्या प्लेगने गाव खचले आणि नवे बांधण्याची ऐपत उरली नाही. जुने टिकले ते या दारिद्र्यामुळे!

आम्हां आलापल्लीकरांना असे मध्ययुगीन नगर पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आष्टीला वैनगंगा ओलांडावी, गोंडपिपरीवरून बल्लारपूर गाठावे, की पुढे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, आलेच. येथे टेकडी नाही. टेकडीचे काम इरई व झरपट या नद्या आणि दगडी परकोट यांनी केले.

खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाच्या अंगावरचे फोड झरपटेतील कुंडाच्या पाण्याने बरे झाले, आणि राणीच्या सल्ल्याने त्याने तेथे नगर वसवले, अशी कथा सांगतात. परकोटाचा घेर सुमारे 11 किलोमीटर. वेशी चार: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. खिडक्या पाच: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. वेस गाड्यांसाठी, फौजेसाठी. खिडकी म्हणजे तटातली लहान वाट. मोठे दरवाजे फार ठेवले तर शत्रूचे फावते. थोडे ठेवले तर नदीवर जाणाऱ्याला लांब वळसा पडतो. खिडकी ही त्यावरची तोड होय.

हे सारे पायीच पाहावे. वेशीवर हत्तीवर चढलेला सिंह कोरला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. अचलेश्वर वेशीजवळ राणी हिराईने पती बीरशाहाची समाधी बांधली, ती अवश्य पाहावी. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून शहर घेतले, हेही तेथे आठवावे.

पण तटाचा खरा शत्रू तोफ नव्हे. चांदा कधी ओस पडले नाही. कोळसा निघाला, वीजकेंद्र आले, वस्ती वाढली, आणि परकोट अडचणीचा वाटू लागला. कचरा साचला, झाडे माजली. पिंपळाचे मूळ दगडाच्या सांध्यात शिरले की काय करते, हे आम्हां जंगलातल्या माणसांना सांगायला नको. 2017 मध्ये शहरातल्या तरुणांनी हाती कुदळ-फावडी घेऊन हे रान काढायला सुरुवात केली, तेव्हा कोठे तटाचे बुरूज पुन्हा दिसू लागले.

सान जिमिन्यानोला दारिद्र्याने राखले. नांदत्या चांद्याला तशी सोय नाही. त्याला त्याच्या माणसांनीच राखले पाहिजे. आणि आम्ही पाहुणे म्हणून गेलो, तरी तटावर आपले नाव न कोरता परत यावे, एवढी राखण आमच्याकडेही आहेच.