पोशाख कोणाच्या पसंतीचा?

मुल्ला नसरुद्दीनची एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मुल्ला साध्या, मळक्या कपड्यांत एका मेजवानीला गेला. कोणी त्याला 'या, बसा' असेही म्हटले नाही. तो घरी परतला आणि उंची अंगरखा घालून पुन्हा आला. या वेळी यजमानाने त्याला मानाच्या जागी बसवले. जेवण वाढले गेले, तेव्हा मुल्ला अंगरख्याच्या बाहीला घास भरवू लागला. लोक हसले. मुल्ला म्हणाला, "मान अंगरख्याला मिळाला, मग जेवणही त्यालाच मिळायला हवे!"

माणसाची किंमत त्याच्या कपड्यांवरून ठरते का? हा प्रश्न फार जुना आहे. आज तो एका अगदी नव्या ठिकाणी विचारला जात आहे. ते ठिकाण म्हणजे संगणकावरचे कथाप्रधान खेळ.

सगळे व्हिडिओ गेम सारखे नसतात. काही खेळांत फक्त गाडी पळवायची असते, काहींत चेंडू मारायचा असतो. पण काही खेळांत कादंबरीसारखी लांबलचक कथा असते. त्या कथेतील एका पात्राची भूमिका खेळाडू स्वतः घेतो. म्हणून अशा खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. कादंबरीतील नायक काय करणार, हे लेखकाने आधीच लिहून ठेवलेले असते. या खेळांत मात्र काही निर्णय खेळाडूच्या हाती असतात. कोणाला मदत करायची, कोणाशी भांडायचे, काय बोलायचे आणि काय घालायचे, हे तो ठरवतो. यालाच आपण खेळाडूचे निवडस्वातंत्र्य म्हणू.

या खेळांचे मूळ एका कागदी खेळात आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर तो खेळला जाई. त्यात प्रत्येक चिलखताला एक आकडा असे. त्या आकड्यावरून शत्रूचा वार लागणार की चुकणार, हे ठरे. पुढे संगणकावरच्या खेळांनी हीच पद्धत उचलली. म्हणजे या खेळांत पोशाख प्रथम आला, तो शोभेसाठी नव्हे, तर संरक्षणाचा आकडा म्हणून.

यातून एक गंमत झाली. ज्या कपड्याचा आकडा मोठा, तोच खेळाडू घालू लागले. मग नायकाच्या डोक्यावर एका तऱ्हेची टोपी, अंगात दुसऱ्याच तऱ्हेचा कोट, असा विचित्र वेश तयार होई. २०२० साली आलेल्या 'सायबरपंक २०७७' या खेळात असेच घडत होते. म्हणून २०२२ साली त्यात कपाटाची सोय करण्यात आली. आकडा एका कपड्याचा ठेवायचा आणि रूप दुसऱ्या कपड्याचे दाखवायचे, अशी ही युक्ती होती. २०२३ मध्ये तर बहुतेक कपड्यांचा संरक्षणाशी असलेला संबंधच तोडून टाकण्यात आला. आता खेळाडू मनाला आवडेल ते घालू शकतो.

पण येथे एक प्रश्न उभा राहतो. काहीही घातले तरी चालत असेल आणि कथेतील कोणालाही त्याचे काहीच वाटत नसेल, तर त्या निवडीला अर्थ किती? आरशासमोर कपडे बदलण्यात आनंद जरूर आहे. मात्र आपण जे घालतो त्याकडे जग पाहते, तेव्हा त्या निवडीबरोबर जबाबदारीही येते.

'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा २०१० सालचा खेळ पाहा. अणुयुद्धानंतर उजाड झालेल्या अमेरिकेतील वाळवंटात त्याची कथा घडते. तेथे दोन सैन्ये एकमेकांशी लढत आहेत. खेळाडूने एका सैन्याचा गणवेश घातला, की त्या सैन्याचे शिपाई त्याला आपला समजतात. दुसऱ्या सैन्याचे शिपाई मात्र त्याच्यावर तुटून पडतात. शिवाय प्रत्येक सैन्यात काही चाणाक्ष माणसे असतात. ती वेशांतर ओळखतात. म्हणजे येथे गणवेश हे जणू एक विधान आहे. मी कोणाच्या बाजूचा आहे, हे तो तोंड न उघडता सांगतो.

चेक देशातील 'वॉरहॉर्स' या कंपनीचा 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' हा २०१८ सालचा खेळ याच्याही पुढे जातो. त्याची कथा १४०३ सालच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या भूमीवर घडते. नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा. त्याने उंची कपडे घातले, तर लोक त्याचे म्हणणे लवकर ऐकतात. कपडे चिखलाने किंवा रक्ताने माखले असतील, तर तीच माणसे नाक मुरडतात. तेव्हा खेळाडूला हौदावर जाऊन हातपाय धुवावे लागतात. लोखंडी चिलखत वार झेलते, पण चालताना खडखडते. रात्री चोरपावलांनी जायचे असेल, तर गडद आणि आवाज न करणारे कपडे हवेत. प्रत्येक पोशाखाने काही मिळते आणि काही गमवावे लागते. खरी निवड ती हीच.

या खेळाचा दुसरा भाग २०२५ साली आला. त्याच्या आरंभी हेन्री आणि त्याचा तरुण सरदार हान्स एक महत्त्वाचे पत्र घेऊन ट्रोस्कीच्या किल्ल्याकडे निघतात. वाटेत त्यांच्यावर हल्ला होतो. अंगावर चिंध्या घेऊन ते किल्ल्याच्या दाराशी पोहोचतात. हान्स खरोखरच सरदार आहे, पण पहारेकरी त्याला आत सोडत नाहीत. सरदारी होती, अंगरखा नव्हता! मुल्लाला मेजवानीत जे कळले, तेच खेळाडूला येथे कळते. फरक इतकाच, की येथे तो अपमान त्याला स्वतः सोसावा लागतो.

कधी कधी कथा खेळाडूची निवड काढूनही घेते. कॅनडातील 'बायोवेअर' कंपनीच्या 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' या २०१४ सालच्या खेळात राजवाड्यातील समारंभाचा प्रसंग आहे. तेथे नायक आणि त्याचे सोबती यांना लाल रंगाचा एकसारखा गणवेश घालावाच लागतो. खेळाडूने हौसेने जमवलेले कपडे त्या समारंभात उपयोगी पडत नाहीत. पोलंडमध्ये तयार झालेल्या 'द विचर ३' या २०१५ सालच्या खेळातही असाच प्रसंग आहे. नायक गेराल्टला सम्राटाच्या भेटीसाठी दाढी करून दरबारी पोशाख चढवावा लागतो. कसे वाकायचे, हेही त्याला शिकवले जाते. पण सम्राटासमोर उभे राहिल्यावर वाकायचे की ताठ राहायचे, हे मात्र खेळाडूच ठरवतो. कपडे सक्तीचे, पण मान आपली! या छोट्याशा निवडीने संपूर्ण प्रसंगाला धार येते.

सोबत्यांच्या कपड्यांचा प्रश्नही विचार करण्यासारखा आहे. बायोवेअरच्याच २००९ सालच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मध्ये खेळाडू आपल्या सोबत्यांची चिलखते बदलू शकत असे. २०११ सालच्या दुसऱ्या भागात मात्र सोबत्यांचे पोशाख ठरलेले होते. कोणाला ही बंधने वाटतील. पण दुसरी बाजूही आहे. सोबती म्हणजे काही बाहुल्या नव्हेत. कथेत त्यांनाही स्वभाव आहे, आवडनिवड आहे. आपल्याला स्वातंत्र्य हवे, तसे त्यांनाही नको का?

अनेक खेळांत स्त्री योद्ध्यांना अंग नीट न झाकणारे चिलखत दिलेले दिसते. जे चिलखत पोट उघडे ठेवते, ते तलवारीपासून काय वाचवणार? असा पोशाख त्या पात्राच्या गरजेतून येत नाही. म्हणून आपल्या नायिकेला साजेसे, भक्कम आणि शालीन कपडे निवडण्याची सोय असणे, ही लहान गोष्ट नाही.

शेवटी पैशाचीही गोष्ट. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले गेले. लोकांनी त्याची खूप थट्टा केली. पण पुढे खेळांतील कपडे विकणे हा मोठा व्यापार झाला. तेव्हा खेळात नवा पोशाख समोर आला, की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा मी निवडला, की मला विकला गेला? याने कथेत काही बदलते का? आणि कपड्यांवरून मला वाईट वागवणाऱ्या त्या पहारेकऱ्यासारखा मी स्वतः कधी वागतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र खेळ बंद केल्यावरच देता येते.

स्वाध्याय

१. या खेळांत पोशाख प्रथम कशासाठी आला?
२. 'कपडे सक्तीचे, पण मान आपली' असे लेखात का म्हटले आहे?
३. सोबत्यांचे कपडे खेळाडूने ठरवावेत का? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.