छोटा टेरियर : पोट सांभाळा, स्वभाव ओळखा

कळंबसारख्या गावात घरात पाळायचा छोटा कुत्रा म्हटले की पामेरियनच डोळ्यांसमोर येतो. पण आता पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून एखाद्या घरी टेरियरचे पिलूही येते. अंगाने मांजराएवढे, चपळ आणि धीट. मुले त्याला खेळणे समजतात आणि मोठी माणसे लाडाने हवे ते खाऊ घालतात. या दोन्ही चुका महागात पडतात.

'टेरियर' हे नाव जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. ब्रिटनमध्ये बिळात शिरून कोल्हे, उंदीर हुसकावण्यासाठी या जाती तयार करण्यात आल्या. जेमतेम तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही एकोणिसाव्या शतकात तिथल्या गिरण्यांतले उंदीर मारीत असे. तेव्हा अंगण उकरणे, खारीमागे धावणे, जरा खुट्ट झाले की भुंकणे हा त्याचा खोडसाळपणा नसून जन्मजात गुण आहे. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवले, चेंडू खेळवला की तो शांत राहतो. दिवसभर बांधून ठेवला की चिडचिडा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्यापूर्वीच फिरवून आणावे. रस्त्यावर आपला तळहात ठेववत नसेल, तर त्याचे पायही पोळणारच.

आता आहाराचे पाहू. पाच किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 350 उष्मांक पुरतात. कुंथलगिरीचा एक पेढा दिला, तर दिवसाच्या आहाराचा जवळपास पाव हिस्सा तेवढ्यातच संपतो! आपल्याला जो घास वाटतो, ते त्याचे जेवण असते. त्यातून वजन वाढते, सांधे दुखतात, दात किडतात. उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे चिकन, त्यात थोडा भात किंवा भाकरी कुस्करून दिवसातून दोनदा मोजून द्यावे. लहान पिलाला तेच तीन-चार वेळा विभागून द्यावे. स्वच्छ पाणी सतत हवे. दुधाने जुलाब होत असतील तर दूध बंद करावे.

कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासारखे आहेत. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, द्राक्षांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अंग लहान असल्याने थोडी मात्राही बाधते. म्हणून कांदा-लसणाची आमटी-भाजी कुस्करून घालू नये. शिजवलेले हाड फुटून आतड्यात रुतते, तेही नको.

जेवणाची थाळी हीच चावण्याची जागा असते, हे मुलांना समजावून सांगा. खाताना, झोपेत असताना कुत्र्याला हात लावू नये, शेपूट ओढू नये. तो गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. मार खाऊन ती बंद झाली, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावतो. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

'घरचाच आहे, छोटाच आहे' म्हणून चावा अंगावर काढू नये. दात लागला किंवा ओरखडा उठला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व तारखांना लस घ्यावी, मध्येच सोडू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्यच असते. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

पिलू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे त्यांच्या सल्ल्याने दरवर्षी. पेढ्यापेक्षा हा लाड कुत्र्याच्या आणि घराच्या अधिक हिताचा आहे.