आपल्या कुत्र्याला दुसरा कुत्रा चावला तर?

एका कानात इअरफोन आणि एका हातात पट्टा, अशा अवस्थेत टेकडीकडे निघाला असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ गाळलेत.

गोष्ट आमच्या खारीची आहे. खारी म्हणजे चहात बुडवायची नाही, आमची देशी कुत्री. रंग तसाच भाजलेला, म्हणून नाव खारी. वय ४. रविवारी सकाळी तळजाईच्या पायथ्याशी आई तिला फिरवत होती, मी दहा पावलं मागे फोनमध्ये. वळणावर एक मोठा काळा कुत्रा आला, गुरगुरला, आणि काही कळायच्या आत दोघं एकमेकांवर. फार तर अर्धा मिनिट. मग कुणीतरी पाण्याची बाटली ओतली आणि तो पळाला.

घरी आल्यावर मानेवरचे केस बाजूला करून पाहिलं. दोन ठिपके, तुरीच्या डाळीएवढे. रक्त जवळजवळ नाहीच. मी हळद दाबली. खारीने दहीभात खाल्ला, शेपूट हलवली, झोपली. मी म्हटलं, चला, थोडक्यात निभावलं.

मंगळवारी रात्री तिच्या मानेवर मोसंबीएवढा फुगा होता. अंग तापलेलं, मान वर उचलत नव्हती. बुधवारी डॉक्टरांनी केस काढले आणि मला दाखवलं. वर दोन ठिपके, आत कातडीखाली बोट जाईल एवढी पोकळी, पूने भरलेली.

आजच्या एपिसोडचा मुद्दा एवढाच आहे. कुत्र्याच्या चाव्याची जखम बाहेरून दिसते तेवढी नसते. आणि ‘काही झालं नाही’ हे ठरवायचं काम आपलं नाही, डॉक्टरांचं आहे.

आत नेमकं काय होतं?

कुत्र्याची कातडी सैल असते. मानेची कातडी चिमटीत धरून बघा, किती वर येते. सुळा आत घुसतो, मग चावणारा डोकं झटकतो. कातडी सैल असल्यामुळे ती दाताबरोबर सरकते, फाटत नाही. पण खालचा स्नायू एका जागी बांधलेला असतो, तो फाटतो. दात बाहेर आला की कातडी परत जागेवर येते आणि भोक मिटल्यासारखं दिसतं. आत मात्र तोंडातले जंतू, केस आणि माती बंद होऊन बसतात. दोन-चार दिवसांत गळू तयार. आमच्याकडे अगदी हेच झालं.

लहान जातीच्या कुत्र्याला मोठ्याने धरून हलवलं असेल तर गोष्ट अजून गंभीर. छातीवर चावा असेल तर बरगडी मोडलेली असू शकते, फुप्फुसाला इजा असू शकते. पोटावर असेल तर आतड्याला भोक असू शकतं. बाहेर तरीही दोनच ठिपके.

भांडण सोडवताना

दोन तोंडांच्या मध्ये हात घालायचा नाही. मानेचा पट्टा धरून ओढायलाही जायचं नाही. त्या क्षणी आपला कुत्रा आपल्याला ओळखत नसतो, समोर जे येईल त्याला चावतो. पाणी ओता, जोरात आवाज करा, दोघांच्या मध्ये छत्री उघडा, खुर्ची किंवा स्कूटरवरची मॅट सारा. चादर किंवा जॅकेट अंगावर टाकलं तरी क्षणभर पकड सुटते. मारू नका, त्याने पकड बहुतेक वेळा घट्ट होते.

पहिला तास

आधी तुमचा कुत्रा श्वास कसा घेतोय ते बघा. मग ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असेल तर बोटाने दाबा. पांढरी होऊन दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट, श्वास धापा टाकल्यासारखा, कुत्रा उभा राहत नाही, रक्त थांबत नाही, किंवा चावा मान, छाती, पोट, डोळा यांपैकी कुठे आहे, तर धुण्यात वेळ घालवू नका. स्वच्छ कापड दाबून धरा आणि थेट दवाखाना.

तसं काही नसेल तर जखम धुवायची. हातात ग्लोव्ह्ज घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, कारण जखमेवर दुसऱ्या कुत्र्याची लाळ आहे. मग वाहतं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं. होय, घड्याळ लावून पंधरा. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. कोरोनाच्या काळात आपण हात का धूत होतो, तेच गणित. धुऊन झाल्यावर बीटाडीन.

काय लावायचं नाही? हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी पावडर. याने भोक वरून बुजतं आणि घाण आत राहते. आणि माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही. कुत्र्याच्या यकृताला, पोटाला, मूत्रपिंडाला ही औषधं घातक ठरू शकतात.

उचलताना तुमचा लाडका तुम्हालाच चावेल, वाईट वाटून घेऊ नका, दुखतंय त्याला. तोंडाला ओढणी सैलसर बांधता येते, पण धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. रिक्षाने जाणार असाल तर जाड चादर घ्या. रिक्षावाल्या काकांना ‘सीट खराब होणार नाही’ हे आधीच सांगितलं की निम्मं काम होतं.

दवाखान्यात

त्याच दिवशी जा. डॉक्टर केस काढतील, जखम आतपर्यंत धुतील, गरज वाटली तर एक्स-रे काढतील. मी विचारलं होतं, ‘डॉक्टर, टाके नाही का घालणार?’ चाव्याची जखम बऱ्याचदा मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे आतली घाण वाहून जाते. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवायचा नाही. गळ्यातला तो लॅम्पशेडसारखा कॉलर काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी.

मग डॉक्टरांनी लसीचं पुस्तक मागितलं. शेवटचं रेबीजचं स्टिकर १ वर्ष ५ महिन्यांपूर्वीचं. मी गप्प.

पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस, मग बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. पण आधी लस झालेली असली तरीही चावा झाल्यावर पुन्हा इंजेक्शन लागतं. आपल्याकडे पशुवैद्य साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. ० म्हणजे पहिलं इंजेक्शन पडतं तो दिवस. तुमच्या कुत्र्याला किती डोस, हे त्याचं पुस्तक बघून डॉक्टर ठरवतील. म्हणून पुस्तकाचा फोटो फोनमध्ये आत्ताच काढून ठेवा. एपिसोड पॉज करून काढलात तरी चालेल.

‘आणि हे काय?’

खारीचं ड्रेसिंग चालू असताना डॉक्टरांची नजर आईच्या बोटावर गेली. बँडएड.

‘ताई, हे काय?’

‘काही नाही हो. सोडवताना आमच्याच खारीचा दात लागला. घरचीच आहे.’

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. भांडणात खारीच्या तोंडाला त्या कुत्र्याची लाळ लागली होती. आणि नेमका दात खारीचा होता की त्याचा, हे आईलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. रक्त आलं होतं. तीन दिवस उलटले होते. तीन दिवस आम्ही दोघी कुत्रीकडे बघत होतो, आईकडे कुणीच बघितलं नव्हतं.

रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. लस त्याच्याआधी पोचली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मग वाचवणारा उपचार नाही. म्हणून उशीर झाला तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

आई घाबरली ती वेगळ्याच गोष्टीला. ‘पोटात चौदा इंजेक्शनं घेणार नाही मी!’ तुमच्याही घरात हे ऐकलं असेल. ती भीती खोटी नाही, जुनी आहे. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी बनवलेली, मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी लस पोटावर टोचायचे. २००४ च्या अखेरीस भारतात ती बंद झाली. आताची लस दंडात. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ वा दिवसही धरून पाच. जखमेतून रक्त आलं असेल तर पहिल्या दिवशी जखमेभोवती सिरमही टोचतात. ते टाळू नका, लस काम करू लागेपर्यंत तेच राखण करतं. पुण्यात ससूनला किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात जाता येतं.

चावणारा कोण होता?

पाळीव असेल तर मालकाशी भांडायच्या आधी दोन गोष्टी मागा, फोन नंबर आणि लसीच्या पुस्तकाचा फोटो. पुणे महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढताना रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, म्हणजे कागद असायला हवा.

रस्त्यावरचा असेल तर लांबून फोटो घ्या आणि कान बघा. कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालीय आणि तेव्हा लसही दिली गेलीय. पण केव्हा, हे खाच सांगत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून आपलं इंजेक्शन टाळायचं नाही. गल्लीत रोज खायला घालणारी एखादी काकू असतेच, तिला विचारा. चावणारा कुत्रा पुढचे दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. हे दहा दिवस लक्ष ठेवायचे आहेत, वाट बघायचे नाहीत. इंजेक्शन पहिल्याच दिवशी सुरू.

आमचा काळा कुत्रा पायथ्याच्या चहावाल्या दादांना माहीत होता. दहाव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला, साहेब टपरीखाली ऊन खात पडलेले. तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने आणि खारीने, दोघींनी डोस पूर्ण केले. फ्रिजवर दोघींच्या तारखांचा एकच कागद होता.

खारी आता बरी आहे. मानेवर एका जागी केस नीट आले नाहीत. मोठा कुत्रा दिसला की माझ्या पायामागे येते, आणि मी फोन खिशात ठेवते.

तर मंडळी, आज एवढं एकच काम करा. फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा, आपल्या पशुवैद्यांचा आणि रात्री उघडा असणाऱ्या एका दवाखान्याचा. रात्री फोन करूनच निघा. आणि लसीची पुढची तारीख कॅलेंडरला लावा. मी ती लावली नव्हती, एवढीच माझी गोष्ट.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पट्टा घट्ट धरा!