दोन इकडचे, दोन तिकडचे

६ डिसेंबर १९९२. महापरिनिर्वाण दिन. कामतघरच्या आमच्या चाळीतली दहा-बारा माणसे दरवर्षीप्रमाणे पहाटेच पांढरे कपडे घालून, भाकरी-चटणी बांधून चैत्यभूमीला गेली होती. त्यात माझे वडीलही होते. मी तेव्हा आठवीत होतो. संध्याकाळी बातमी आली की अयोध्येत बाबरी मशीद पाडली. आईने स्टोव्ह पेटवलाच नाही. ती उंबऱ्यात बसून राहिली. तिने १९८४ ची दंगल पाहिली होती.

वडील रात्री उशिरा आले. कल्याणहून वाहन मिळेना म्हणून बराच रस्ता त्यांनी पायी तुडवला होता. त्यांच्या सोबत दाराशी आले ते त्यांच्याच कारखान्यात कांड्या भरणारे चाचा. नाक्यावर मोहल्ला कमिटीची चार-सहा माणसे आणि बीटचा हवालदार बसले होते. चाचांनी वडिलांना अंधारात ओळखले आणि घरापर्यंत सोडले. आईने त्यांना पाणी दिले, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला.

मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये कत्तल झाली. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली. दंगलीचे गाव म्हणून बदनाम असलेली भिवंडी मात्र पेटली नाही. असे कसे झाले?

आधीची भिवंडी

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत ठिणगी पडली आणि आग जळगाव-महाडपर्यंत गेली. मिरवणूक मशिदीवरून न्यायची का, गुलाल कुठे उधळायचा, घोषणा कोणत्या द्यायच्या, यावरून आधीची काही वर्षे कुरबुर चालू होती. ती मिटवायला कोणी मनापासून बसले नाही. न्यायमूर्ती मादन आयोगाने पुढे चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले. तरीही १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी, ठाणे, मुंबई पुन्हा पेटले. अडीचशेहून अधिक माणसे गेली.

मेलेली माणसे कोण होती? बहुतेक आपल्यासारखीच, हातावर पोट असलेली. इथला धंदाच असा आहे की सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, चालवणारा तिसरा. सुताचा व्यापारी गुजराती-मारवाडी, मागवाला मोमीन-अन्सारी नाहीतर आमच्या कामतघर-पद्मानगरचा पद्मशाली, आणि पाळीवर उभा राहणारा उत्तर प्रदेशचा, तेलंगणाचा, मराठवाड्याचा कामगार. एक माग बंद पडला की या सगळ्यांच्या चुली विझतात. दंगलीत ताण्याने बाण्याला तोडायचे, तर कापड होणार कसे?

काय बदलले?

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे भिवंडीत आले. दंगल झाल्यावर शांतता समितीत पुढाऱ्यांना बोलावून फोटो काढण्याची जुनी रीत त्यांनी सोडली. वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे ७०. त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि माणसे साधी: दुकानदार, शिक्षक, कामगार. पुढारी आणि दादा लोक शक्यतो बाहेर. बीटच्या पोलिसाने या लोकांना नावानिशी ओळखायचे आणि त्यांनी त्याला. पुढे या अनुभवावर त्यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले.

यातले मर्म असे, की बैठका दंगलीची वाट पाहत नव्हत्या. नळावरचे भांडण, तुंबलेले गटार, पोरांची मारामारी हेच विषय असत. लहान भांडण सोडवताना माणसे एकमेकांना पारखतात. मग मोठ्या रात्री अफवा आली, तर कोणाकडे जाऊन विचारायचे हे ठाऊक असते. चाचांना माझ्या वडिलांचे घर ठाऊक होते. त्या रात्री एवढेच उपयोगी पडले.

रोहिणीकाठचा तोडगा

आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या तंट्याचा प्रसंग मांडला आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो, पण नुसते ‘युद्ध नको’ म्हणून खाली बसत नाही. तो तोडगा सुचवतो: आपण आपल्यातले दोघे निवडू, कोलियांनी त्यांच्यातले दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा सोडवावा. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. त्याने घर सोडले, पण मत सोडले नाही.

जगातही हेच दिसते. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षे बंदुका आणि बॉम्ब चालले. बोलणी चालू असतानाही रक्त सांडत होते, पण ती सोडली नाहीत, म्हणून १९९८ साली करार झाला. आग विझल्यावर बोलू म्हणणाऱ्यांना बोलायला माणसे उरत नाहीत.

समेट कुठे, फिर्याद कुठे?

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. समेट हा बरोबरीच्या दोन बाजूंत होतो. वस्तीवर हल्ला झाला, बाईची अब्रू घेतली, जातीवरून मारले, तर ते भांडण नव्हे, अत्याचार आहे. तिथे ‘मिटवून टाका, गावात राहायचंय ना?’ म्हणणारा मध्यस्थ आपला नव्हे. तिथे फिर्याद, पंचनामा, ॲट्रॉसिटीचा कायदा. समेटाच्या नावाखाली किती घरांनी तोंड दाबून मार खाल्ला, ते कार्यकर्ता म्हणून मी पाहिले आहे. शांतता म्हणजे गप्प बसणे नव्हे.

आमच्या गल्लीतली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत लाउडस्पीकरवरून दोन मंडळांत जुंपली. रात्री कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला: ‘बघा, आपल्या पोराला कसं मारलं.’ वीस-पंचवीस पोरे जमली. माझा मुलगाही निघाला. त्याच्या आईने त्याचा हात धरला आणि विचारले, “हा पोरगा आपल्या गल्लीतला आहे का? नाव सांग.” कोणालाच नाव सांगता येईना. व्हिडिओ भलत्याच गावचा निघाला.

दुसऱ्या दिवशी दोन इकडचे, दोन तिकडचे बसलो. पाचवी म्हणून दोन्ही बाजूंनी एका मावशीचे नाव घेतले. त्या तिथे भाजी विकतात आणि दोघांनाही उधार देतात. पहिला तासभर नुसती शिवीगाळ झाली. मावशी म्हणाल्या, “बोलून घ्या. पोटातलं बाहेर येऊ द्या.” मग कळले की मूळ दुखणे लाउडस्पीकरचे नव्हतेच. एका घरात आजारी म्हातारी होती आणि आवाज कमी करा म्हणून सांगायला आलेल्या पोराला तिथे टपली मारली होती. टपली मारणाऱ्याने त्या म्हातारीच्या घरी जाऊन माफी मागितली. दोन्ही मंडळांनी रात्री दहानंतर आवाज बंद ठेवायचे कबूल केले. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पण हात कोणी उचलला नाही.

माता-भगिनींना माझी विनंती आहे. पोरगा रात्री तावातावाने बाहेर निघाला, तर आधी त्याला नाव विचारा. कोणाला मारले, कुठे, कोणी पाहिले? आणि शेजारच्या गल्लीतल्या किमान एका घराचे दार आजच ओळखीचे करून ठेवा.

चाचा आता नाहीत, वडीलही नाहीत. पण ६ डिसेंबर आला की आई अजून सांगते, “त्या रात्री तुझे बाबा एकटे नव्हते आले.”