अपंगत्व आणि आकाश : उड्डाण प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची ओळख

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नळदुर्ग ओलांडले की जळकोट लागते. लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट ते निराळे. हे जळकोट धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले. येथून तास-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या सोलापूरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्यासाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. आजवर केवळ मान वर करून पाहावयाचे विमान ह्या भागातील मुलांच्या काहीसे जवळ आले.

समजा, अशा गावातील कॅलिपर लावून चालणारी एखादी मुलगी किंवा अपघातात पाय गमावलेला एखादा तरुण म्हणाला, “मला विमान चालवायला शिकायचे आहे,” तर आपण वडीलधारी माणसे काय उत्तर देऊ? बहुधा आपण हसून विषय बदलू. त्या हसण्यात दुष्टावा नसतो, अज्ञान मात्र असते. हात, पाय किंवा ऐकण्याची शक्ती गमावलेली माणसे जगात विमान चालवतात, त्यांच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि आपल्या महाराष्ट्राच्या आकाशातही अपंग बांधवांनी झेप घेतली आहे. ह्या विषयाची नीट माहिती वाचकांना करून द्यावी, तसेच आपल्याकडे वाट कोठपर्यंत मोकळी आहे आणि कोठे अडते हेही प्रांजळपणे सांगावे, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

शिष्यवृत्तीचा उगम

ह्या कथेचा आरंभ ब्रिटनमध्ये होतो. डग्लस बेडर हा ब्रिटिश हवाई दलातील तरुण वैमानिक. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याचे विमान कोसळले आणि त्याला दोन्ही पाय गमवावे लागले. कृत्रिम पायांवर तो चालू लागला, विमानही चालवू लागला; तरीही दलाने त्याला निवृत्त केले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र वैमानिकांची निकड भासली आणि बेडरला परत घेण्यात आले. ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रान्सच्या आकाशात त्याला विमानातून उडी घ्यावी लागली, तेव्हा एक कृत्रिम पाय विमानातच अडकून राहिला. शत्रूच्या कैदेत असताना त्याच्यासाठी नवा पाय ब्रिटिश विमानातून हवाई छत्रीने खाली टाकण्यात आला, ही हकीकत इतिहासात नोंदली गेली आहे.

१९८२ साली बेडर यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९८३ साली ब्रिटनमध्ये अपंगांसाठी उड्डाण शिष्यवृत्ती देणारी संस्था उभी राहिली. निवड झालेल्या अपंग व्यक्तीला उड्डाणाचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावयाचे आणि त्याचा भार संस्थेने उचलावयाचा, असे तिचे स्वरूप. ह्या शिष्यवृत्तीचा मुख्य हेतू नोकरी मिळवून देणे हा नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. अपघाताने किंवा आजाराने ज्याचे आयुष्य एकाएकी खाटेपुरते आणि दुसऱ्यांच्या मदतीपुरते आकुंचित झाले, त्याला एक अवघड विद्या शिकताना स्वतःवरील विश्वास पुन्हा सापडावा, हा तो हेतू होय.

अमेरिकेत ‘एबल फ्लाइट’ ही संस्था २००६ साली स्थापन झाली. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाशी २०१० पासून तिचे सहकार्य जुळले आणि उन्हाळ्याच्या सुटीत काही आठवड्यांचे सलग प्रशिक्षण देण्याची पद्धत रूढ झाली. मणक्याच्या दुखापतीने व्हीलचेअरवर आलेले, अवयव गमावलेले, बहिरेपण असलेले असे विद्यार्थी तेथे शिकले. जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्स ह्यांना ऑक्टोबर २००८ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यांनाही ह्याच संस्थेचे साहाय्य लाभले होते. त्या पायांनी विमान चालवतात.

हे शक्य होते कसे?

साध्या लहान विमानात वैमानिकाचे हात आणि पाय दोन्ही कामात असतात. हातातील दांड्याने विमानाचे नाक वर-खाली होते आणि विमान डाव्या-उजव्या बाजूस कलते. दुसऱ्या हाताने इंजिनाची शक्ती कमी-अधिक करावयाची असते. पायाखालच्या पेडलांनी शेपटीवरील सुकाणू वळते, आणि जमिनीवर धावताना ब्रेकही बहुधा पायानेच लावले जातात. ज्याचे पाय काम देत नाहीत, त्याची अडचण ह्या पेडलांपाशी येते.

त्यावरील उपाय ऐकावयास सोपा आहे. पेडलांना एक दांडा जोडून तो हाताशी आणावयाचा, म्हणजे सुकाणूही हातानेच फिरते. आपल्याकडे अपंग चालकासाठी मोटारीचे क्लच आणि ब्रेक हाताशी घेतले जातात, त्याच जातीची ही सुधारणा. जेसिका कॉक्स ह्यांचे ‘एरकूप’ हे विमान तर मुळातच पेडलांवाचून चालेल असे रचलेले. त्याचे सुकाणू चालकाच्या चाकाशी जोडलेले असते. ही रचना १९३० च्या दशकात सर्वसामान्य चालकाला उड्डाण सोपे जावे म्हणून केली गेली होती. एका पायाने चाक आणि दुसऱ्या पायाने इंजिनाची शक्ती सांभाळणाऱ्या स्त्रीला ती अनेक दशकांनंतर उपयोगी पडली.

परंतु यंत्रातील बदल हा अर्धाच भाग झाला. दुसरा अर्धा भाग नियमांचा. अमेरिकेने २००४ साली हलक्या विमानांसाठी ‘स्पोर्ट पायलट’ हा परवाना सुरू केला. त्यासाठी किमान २० तासांचे उड्डाण शिक्षण लागते, आणि आरोग्याचा पुरावा म्हणून सर्वसाधारणपणे मोटार चालवण्याचा परवाना ग्राह्य धरला जातो. ह्या एका तरतुदीने अनेक अपंगांसाठी दार उघडले. हात किंवा पाय नसलेल्या उमेदवाराला खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठीही तेथे प्रत्यक्ष उड्डाण करून आपली क्षमता सिद्ध करण्याची सोय आहे. शरीरात काय उणे आहे हे विचारून न थांबता, उरलेल्या बळावर विमान सुरक्षित चालवता येते की नाही, हे तेथे तपासले जाते. आमच्या मते ह्या संपूर्ण विषयाचे मर्म येथेच आहे. शिष्यवृत्तीचा पैसा महत्त्वाचा खरा, परंतु अशी तपासणी नसेल तर त्या पैशाने परवाना मिळणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात

आपल्या राज्यातील तीन उदाहरणे वाचकांपुढे ठेवतो.

पहिले पुण्याजवळच्या खडकीचे. तेथे सैनिकांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. भारतीय हवाई दलाचे मिग-२१ चालवणारे फ्लाइंग ऑफिसर एम. पी. अनिल कुमार ह्यांना १९८८ च्या जूनमध्ये पठाणकोट येथे मोटारसायकलचा अपघात झाला आणि मानेखालील शरीर लुळे पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे २४ होते. १९९० पासून ते खडकीच्या केंद्रात राहिले. तोंडात लेखणी धरून लिहावयास ते शिकले, पुढे संगणकही वापरू लागले. आपल्या आयुष्यावर त्यांनी लिहिलेला इंग्रजी लेख महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकात आला आणि असंख्य विद्यार्थ्यांनी तो वाचला. २० मे २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. व्हीलचेअरवरून त्यांनी जे उड्डाण केले, ते शब्दांचे होते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या दिव्यांशु गणात्रा ह्यांचे. काचबिंदूमुळे वयाच्या १९ व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. २०१४ साली त्यांनी एकट्याने पॅराग्लायडिंग केले. असे करणारे ते भारतातील पहिले अंध गृहस्थ म्हणून ओळखले जातात. पॅराग्लायडिंगमध्ये नवशिक्याला जमिनीवरील प्रशिक्षक रेडिओवरून सूचना देत असतो, आणि वाऱ्याचा दाब दोऱ्यांतून हाताला कळतो. कान आणि स्पर्श ह्यांना येथे मोठे काम असते. त्याच वर्षी त्यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. अपंग आणि अपंगत्व नसलेल्या व्यक्तींनी साहसी खेळ एकत्र खेळावेत, हे तिचे सूत्र आहे.

तिसरे उदाहरण नाशिकचे. कारगिल युद्धात १५ जुलै १९९९ रोजी गंभीर जखमी होऊन उजवा पाय गमावलेले मेजर देवेंद्र पाल सिंग ह्यांनी मार्च २०१९ मध्ये लष्कराकडून नाशिक येथे प्रशिक्षण घेतले आणि विमानातून हवाई छत्रीसह उडी घेतली.

ह्या तिघांपैकी दोघे सैन्यदलांतील होते आणि त्यांच्या पाठीशी दलाची व्यवस्था उभी होती. तिसरे पुण्यासारख्या शहरातील. जळकोटच्या मुलीपाशी ह्यांपैकी काय आहे, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही.

वाट कोठे अडते?

भारतात खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे, तर व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. व्यावसायिक प्रशिक्षणाचा खर्च आज चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात जातो. गरीब कुटुंबांतील मुलांसाठी काही योजना निघाल्या आहेत. नागपूरची ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांना नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना राबवते. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा महाराष्ट्रात इतर मागासवर्गात समावेश होतो, ही गोष्ट मराठवाड्यातील आपल्या बांधवांनी लक्षात ठेवावी.

परंतु अशा योजनेत पात्रतेसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. व्यावसायिक वैमानिकासाठी ते पहिल्या वर्गाचे असते. अपंग उमेदवाराची वाट बहुधा येथेच खुंटते. दुसरीकडे अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांचा रोख शालेय, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणावर आहे. एका योजनेत उड्डाण आहे तर अपंगत्वाला जागा नाही, दुसरीत अपंगत्वाला जागा आहे तर उड्डाण नाही. दरवर्षी अपंग विद्यार्थ्यांची एक तुकडी घडवणारी ब्रिटन-अमेरिकेसारखी परंपरा आपल्याकडे रुजलेली नाही.

कायद्याचा आत्मा मात्र अनुकूल आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि समान संधीचे तत्त्व स्वीकारले. उमेदवारात एखादी उणीव असली तरी तज्ज्ञांच्या मते सुरक्षिततेला बाध येत नसेल तर परवाना देता येतो, अशी मुभा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतही आहे. ह्या मुभेचा वापर वाढावा, अशी मागणी करण्यात काहीही गैर नाही.

मग आज काय करावे?

कोणी विचारील की, जेथे शाळेला उतार नाही आणि बसची पायरी चढता येत नाही, तेथे विमानाची भाषा कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु ज्या समाजाने अपंग मुलीला वैमानिकाच्या खुर्चीत कल्पनेनेही बसवले नाही, तो तिच्यासाठी शाळेचा उतारही लवकर बांधत नाही, असा आपला अनुभव आहे. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी तिच्याकडून आपण काय अपेक्षा ठेवतो हाच प्रश्न असतो.

म्हणून पालकांना आमच्या काही सूचना आहेत. प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असल्यास शासकीय उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात. गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय केवळ अपंगत्वामुळे सोडावयास लावू नयेत. विमानांची रचना, संगणकीय प्रणाली, उड्डाणांचे नियोजन अशी विमान वाहतुकीतील अनेक कामे वैमानिकाच्या खुर्चीबाहेरची आहेत. वयात आल्यावर बदल केलेल्या वाहनाचा परवाना मिळवावा. यंत्रावर ताबा मिळवण्याची ती पहिली पायरी आहे. वैद्यकीय पात्रतेविषयी शंका असल्यास कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत पैसे भरण्यापूर्वी महासंचालनालयाच्या यादीवरील डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

एक सावधगिरीही सांगतो. परदेशातील वर उल्लेखिलेल्या शिष्यवृत्त्या त्या-त्या देशांतील रहिवाशांसाठी आहेत. त्या मिळवून देतो म्हणून कोणी मध्यस्थ पैसे मागू लागल्यास त्याच्या नादी लागू नये.

धर्मग्रामातील जी मंडळी उद्योग-व्यवसायात किंवा परदेशी विमानसेवेत आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर अशा एखाद्या मुलाला विमानतळ दाखवावा, शक्य झाल्यास उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर बसवावे. ह्याला फार मोठा निधी लागत नाही.

आणि जळकोटच्या त्या मुलीने विचारलेच, तर तिला खरे उत्तर द्यावे : तुझ्यासारख्या माणसांनी विमान चालवले आहे, आपल्या देशात ती वाट आज अवघड आहे, तू गणित सोडू नकोस, आम्ही नियमांची चौकशी करतो. आणि असे बोलून दाखवल्यावर ती चौकशी खरोखरच करावी.