स्टेज टू ऑक्टाव्हिया घ्यायची का? आमगावातून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना आलेले माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बऱ्यापैकी काढलेत, राहिलेले सांभाळून घ्या.

प्रश्न माझ्या मामेभावाचा आहे. तो आमगावातच असतो, राइस मिलच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. मामांनी प्लॉट विकला, त्यातला वाटा हातात आला आणि गड्याच्या डोक्यात गाडी शिरली. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१८ चं मॉडेल, पासिंग एमएच-१२, गाडी सध्या नागपुरात. विकणारा म्हणतो: "स्टेज टू आहे, टर्बो बदललेला आहे, साडेतीनशेच्या वर पॉवर आहे." किंमत १७ लाख. मला त्याचा मेसेज, "दादा, तू कंप्युटरवाला आहेस, एकदा पाहून सांग ना."

कंप्युटरवाला हा शब्द इथे अगदी बरोबर बसतो, कारण अशा गाडीतला निम्मा सौदा सॉफ्टवेअरचाच असतो.

आधी गाडी कोणती ते कळू द्या. आरएस २३० आपल्याकडे २०१७ मध्ये आली. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० एनएम टॉर्क, शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत. पहिल्या ५०० गाड्या हातोहात गेल्या. दिसायला ही साधी सेडान, मागे चार पोती तांदूळ आरामात मावतील, आणि हायवेवर भल्याभल्यांना मागे टाकते. पोरं हिच्यावर जीव टाकतात ते उगाच नाही. फेरारी-पोर्शेच्या गोष्टी आपण रील्समध्ये पाहतो, पण वीस लाखांच्या आत खरंच घेता येईल अशी वेगवान गाडी शोधायला बसलं की यादी फार छोटी होते: ही ऑक्टाव्हिया, तीन दारांची पोलो जीटीआय, रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली फियाटची अबार्थ पुंतो, आणखी दोन-चार. आणि या गाड्या सेकंडहँड बाजारात येतात तेव्हा त्यातल्या बऱ्याच कोणीतरी आधीच 'उघडलेल्या' असतात.

आता स्टेज म्हणजे काय? इंजिनचा मेंदू म्हणजे ईसीयू. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची, याचे तक्ते त्यात असतात. कंपनी ते तक्ते राखून बनवते, कारण गाडी राजस्थानच्या उन्हातही चालायची असते आणि भेसळीच्या पेट्रोलवरही. ट्यूनर ती राखीव जागा वापरून टाकतो. फक्त तक्ते बदलले की स्टेज वन. त्यासोबत एक्झॉस्टचा पुढचा पाइप म्हणजे डाउनपाइप, इंटरकूलर, इनटेक बदलले की स्टेज टू. मूळचा आयएस २० टर्बो काढून गोल्फ आरवाला मोठा आयएस ३८ बसवला की प्रकरण त्याच्याही पुढे जातं. म्हणजे विकणाऱ्याचं 'स्टेज टू' हे नावच अपुरं होतं. यात लबाडी असेलच असं नाही. तो तिसरा मालक, त्याला जसं सांगितलं गेलं तसं तो सांगतोय.

माझ्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये चालू असलेल्या सिस्टिममध्ये कोणीतरी पॅच टाकलाय. सोर्स कोड आपल्याकडे नाही, कोणी टाकला त्याचा रेकॉर्ड नाही, टेस्ट कशावर केली ते माहीत नाही, आणि तो माणूस कंपनी सोडून गेलाय. अशी सिस्टिम तुम्ही १७ लाखांना विकत घ्याल का? घ्यालही, पण आधी लॉग बघाल.

लॉग बघायला आम्ही नागपूरला गेलो. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बरंच काही लपवतं. थंड सुरुवातीला साखळीचा खडखडाट, निळा धूर, डळमळती आयडलिंग, सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं. बॉनेटवर हात ठेवून पाहा. कोमट लागलं तर चहा प्या, चार तास थांबा.

मग ओबीडी स्कॅनर. मोबाइलला ब्लूटूथने जोडतो तो. सगळे फक्त एरर कोड बघतात आणि 'काही नाही' दिसलं की खूश होतात. पण कोड पुसणं हे एका बटणाचं काम आहे. त्यापेक्षा 'कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली' हा आकडा बघा, बहुतेक ॲपमध्ये तो मिळतो. या गाडीत तो होता ३८. म्हणजे कोड दोन-चार दिवसांपूर्वी पुसलेले. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या प्रदूषण यंत्रणेची जी तपासणी करते, त्यातले तीन अजून अपूर्ण. विकणारा म्हणाला, बॅटरी बदलली होती. असेलही. मी एवढंच म्हटलं की मग दोनशे किलोमीटर चालवा, आम्ही परत येतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. ईसीयूची मूळ फाइल बदललेली दिसली की अधिकृत सर्व्हिस सेंटरची सिस्टिम त्यावर 'टीडी १' असा शिक्का मारू शकते. तो लागला की इंजिनच्या वॉरंटीचा विषय संपला. आठ वर्षांच्या गाडीला वॉरंटी नसतेच म्हणा, पण विकणारा 'कंपनी मेंटेन्ड' म्हणत असेल तर हा प्रश्न विचारायला मजा येते.

टर्बोपेक्षा मला काळजी गिअरबॉक्सची होती. हा हिशोब नीट बघा, कारण इथेच पैसे जातात. साध्या ऑक्टाव्हिया १.८ ला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी होता, डीक्यू २००. त्याची क्षमता २५० एनएम. इंजिनचा टॉर्क किती? बरोबर २५०. आरएस २३० ला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीक्यू २५०. क्षमता साधारण ३५०, आणि इंजिनही ३५० वर थांबवलेलं. पुढे २०२० मध्ये आरएस २४५ आली, भारतात फक्त २०० गाड्या. टॉर्क ३७० झाला, आणि गिअरबॉक्सही बदलला, सात गिअरचा आला. आपण नागपुरात पाहिली त्या गाडीत टॉर्क साडेचारशेच्या आसपास असल्याचा दावा होता, आणि गिअरबॉक्स मूळचाच. गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदललंय का, क्लच पॅक बदललाय का, दर साठ हजारांवर तेल बदललं का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हतं, तिसऱ्याला 'बहुतेक'. त्या एका शब्दाची किंमत मी मामेभावाला दीड-दोन लाख सांगितली.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. ही फार कोणी बोलत नाही. ट्यूनची फाइल २०१९ मध्ये बनवलेली. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नावापुरतं होतं, आज पंपावर २० टक्के आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. ई-२० साठी आकडा येतो साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. इथेनॉलमुळे नॉकिंग उलट कमी होतं, हेही खरं. साध्या गाडीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन वाढवतो, विषय मिटतो. पण मोठ्या टर्बोच्या गाडीत इंधन पंप आणि इंजेक्टर आधीच कडेला टेकलेले असतात. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला आणि इंधन कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, आणि पिस्टन जातो. त्यामुळे ट्यून कुठल्या पेट्रोलवर केली आणि मागाहून पुन्हा केली का, हे लेखी मागा. आणि हो, आपल्याकडे प्रत्येक पंपावर भारी ऑक्टेनचं पेट्रोल मिळेल ही आशा सोडा. आमगाव ते देवरी एवढ्या पट्ट्यात जे मिळतं तेच गाडीला पाजायचंय.

गाडी चालवून पाहिली. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या गिअरमध्ये पोटात गोळा येतो. मामेभाऊ दहा मिनिटं काही बोललाच नाही, नुसता हसत होता. म्हणून मी नियम केलाय, चालवून पाहायचं ते सगळ्यात शेवटी, कागद बघून झाल्यावर.

कागदांचा घोळ तर वेगळाच निघाला. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर मालक म्हणून पुण्यातला पहिलाच माणूस. दुसरा आणि तिसरा मालक कागदावर नाहीतच. सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० गाडीसोबत फिरताहेत. असं चालतं, सर्रास चालतं. पण कायदा सांगतो, नव्या मालकाने ३० दिवसांत नोंदणी बदलून घ्यायची. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे पुण्यातल्या त्या माणसाच्या डोक्यावर चार वर्षं टांगती तलवार आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याला काय? आपल्याला हे, की उद्या तो घाबरून तक्रार करेल, गाडी ब्लॅकलिस्ट करून घेईल, आणि तुम्ही १७ लाख ज्याला दिले त्याचा कागदावर पत्ताच नसेल.

चासी नंबर काचेखाली, बॉनेटखाली आणि आरसीवर, तिन्हीकडे अक्षर-अक्षर जुळवा. डिसेंबर २०२० मधलं डीसी अवंतीचं प्रकरण आठवा. स्पोर्ट्स कार म्हणून गाजावाजा झालेली, महाराष्ट्रात तयार झालेली गाडी. मुंबई पोलिसांनी डिझायनर दिलीप छाब्रियांना अटक केली, आणि आरोप असा होता की एकच इंजिन-चासी नंबर वापरून वेगवेगळ्या ठिकाणी नोंदणी झाली. आरोप सिद्ध होणं न होणं हा कोर्टाचा विषय, पण तो नंबर वाकून वाचायला आपल्याला दोन मिनिटं लागतात.

आता मॉडिफिकेशनचा कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा. आणि बदल केला पहिल्या मालकाने, पोलिसांसमोर उभे राहणार तुम्ही. या गाडीचा मूळ रंग पांढरा, आरसीवर पांढरा, अंगावर राखाडी रॅप. डाउनपाइपमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. कन्व्हर्टरशिवाय ते जमवणं म्हणजे मशीन किंवा माणूस, कोणीतरी डोळा मारायला हवा.

विमा? पॉलिसीत एकही बदल नोंदवलेला नव्हता. अपघात झाला तर सर्व्हेअर बॉनेट उघडणार, मोठा टर्बो बघणार, आणि स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळणार. शिवाय पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही.

मग घ्यायचीच नाही का? तसं नाही. माझा हिशोब सांगतो. मॉडिफिकेशनची किंमत शून्य धरा. विकणारा म्हणेल सहा लाख घातलेत. घातले असतील, ती मजा त्याने चार वर्षं उपभोगली. त्या सालाच्या, तेवढ्या किलोमीटरच्या साध्या आरएसचा जो भाव, तिथून सुरू करा. मूळ पार्ट, म्हणजे आयएस २० टर्बो, कन्व्हर्टरसकट डाउनपाइप, स्टॉक ईसीयू फाइल, सोबत मिळत असतील तर तो भाव टिकतो. नसतील तर ते नव्याने घेण्याचा खर्च त्यातून वजा. वर सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या, चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा मागे पडला तर भावाची बोलणीच नको, सरळ घरी या. आणि पैसे द्यायचे ते आरटीओच्या नोंदीत नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात. तीन मालकांची साखळी असेल तर त्यांनी आधी आपसात मिटवावं.

मामेभावाने हे सगळं विकणाऱ्याला सांगितलं आणि भाव दिला साडेअकरा. तिकडून आधी शिव्या आल्या, मग दोन दिवसांनी मूळ टर्बोचा फोटो आला. डाउनपाइप 'पुण्यात मित्राकडे' आहे म्हणे. पुण्याचा पहिला मालक फोन उचलतो, आणि आपली गाडी अजून आपल्याच नावावर फिरतेय हे ऐकून तोच जास्त हादरलाय. नागपूरला येऊन सही करायला तो तयार आहे. कॉम्प्रेशन टेस्ट शनिवारी आहे. आकडे आले की पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला वाचून दाखवतो. तोपर्यंत तुमच्याकडे अशी गाडी असेल तर त्या 'कोड पुसल्यापासून' आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवा, नंबरप्लेट झाकून.