ज्याला गहू मानवत नाही



आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले. तेव्हा बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही गव्हाविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शालेय शिक्षणही जेमतेम दहावीपर्यंतचे. परंतु या दुखण्याने आम्हांला अनेक वर्षे छळले, आणि त्याच दुखण्याच्या बाबतीत एका कामगारावर आमच्या हातून अन्याय झाला. म्हणून हा विषय मुळातून समजून घेणे आम्हांला भाग पडले.

आमच्या लहानपणी इंदापूरच्या जिरायती भागात पोळी सणासुदीला होई. रोजची भाकरी ज्वारीची, थंडीत बाजरीची. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू आपल्या बंदरांत उतरू लागला, पुढे हरितक्रांतीने देशातलाच गहू वाढला, रेशनच्या पोत्यातून तो वाडीवस्तीवर पोचला. नंतर एमआयडीसी आली, कॅन्टीन आले. आज पहिल्या पाळीच्या कामगाराचा दिवस पाहा. सकाळी चहाबरोबर खारी, मधल्या सुट्टीत बिस्किटे, जेवणात चपात्या, पाळी सुटल्यावर वडापाव. चारही वेळा पोटात गहूच जातो. बहुतेकांना तो मानवतो. ज्यांना मानवत नाही, त्यांच्याविषयी हे बोलणे आहे.

गव्हात असे काय आहे? घरच्या गृहिणीला हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. कणीक मळली की ताणते, लाटली की पसरते. ज्वारीचे पीठ तसे वळत नाही. त्यात उकळते पाणी घालावे लागते आणि भाकरी हाताने थापावी लागते. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळून धुतला तर पांढरे पीठ वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हाच ग्लूटेन. तो गव्हात असतो, आणि त्याच जातीची प्रथिने सातू म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा यांत तो नसतो.

गव्हाने होणारी दुखणी तीन प्रकारची आहेत, आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिले सेलिॲक. यात शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लूटेनमुळे बिथरते आणि आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. दुसरी गव्हाची ॲलर्जी. ती बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत अंगावर गांधी, सूज, दमा अशा रूपाने दिसते. तिसरे दुखणे असे की आतडे शाबूत, ॲलर्जी नाही, तरीही गहू खाल्ला की पोट फुगते, जुलाब होतात, डोके जड होते, अंग गळून जाते. याला ग्लूटेनची संवेदनशीलता म्हणतात. ती सिद्ध करील अशी रक्ताची तपासणी अद्याप निघालेली नाही.

सेलिॲकमागे गहू आहे हे कसे कळले, त्याची कथा कामगारांनी अवश्य ऐकावी. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधील रेल्वे कामगारांनी जर्मन सैन्याविरुद्ध संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे अन्न अडविले. त्या हिवाळ्यात हजारो माणसे उपासमारीने मेली. परंतु हेग येथील बालरुग्णालयातील डॉक्टर विलेम डिके यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. सेलिॲकची मुले, पाव मिळेनासा झाल्यावर, सुधारू लागली होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारली. गव्हाचा संशय डिके यांना आधीपासून होता. तो त्यांनी पद्धतशीर तपासला आणि १९५० मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

आमची स्वतःची हकीकत लहान प्रमाणावर अशीच घडली. सुमारे दहा वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दारात आम्ही सतरा दिवस ठिय्या दिला. काटफळ, गोजुबावी या बाजूच्या गावांतून भाकरी, पिठले, ठेचा येई. आठव्या दिवशी आमच्या लक्षात आले, की कित्येक वर्षांत प्रथमच पोट शांत आहे. तडजोड झाली, आम्ही पुन्हा कॅन्टीनला जेवू लागलो, आणि चार दिवसांत जुने दुखणे परतले. त्या दिवसापासून आम्ही गहू सोडला.

इथेच आमची चूक झाली. चार महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही उलट्या क्रमाने आलात. ही तपासणी गहू खात असतानाच करावयाची असते. गहू सोडला की रक्तातील खुणा हळूहळू पुसतात आणि आतडेही भरून येऊ लागते. आता काही आठवडे रोज गहू खा, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासू." आम्ही प्रयत्न केला. नवव्या दिवशी हात टेकले. वेतनकराराची बोलणी चालू होती आणि बैठकीत बसवत नव्हते. पुढे जनुकांची तपासणी केली. ती गहू सोडलेला असतानाही करता येते, आणि ठराविक जनुके नसली तर सेलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येते. आमच्यात ती निघाली. परंतु ती असंख्य निरोगी माणसांतही असतात, त्यामुळे निर्णय काहीच झाला नाही. आमचे दुखणे आजही बिननावाचे आहे.

आता त्या अन्यायाविषयी. आमच्या दुखण्याचे कारण आम्हांला कळण्यापूर्वी दोन वर्षे एक तरुण कामगार आमच्याकडे आला होता. चपातीने त्रास होतो, कॅन्टीनमध्ये तेवढ्या पैशांत जास्तीचा भात मिळावा, एवढेच त्याचे मागणे. पर्यवेक्षकाने त्याला डॉक्टरांचा दाखला मागितला होता. आम्हीही म्हणालो, "कागद आण, मग बोलू." कागद त्याला मिळाला नाही. काही महिन्यांनी तो काम सोडून गावी गेला. जन्मभर आम्ही मालकांना सांगत आलो, की कागद नाही म्हणून कामगार खोटा ठरत नाही. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा आम्हीच कागद मागितला. पुढे लग्नाच्या पंगतीत आम्ही पुरी नाकारली आणि शेजारचा "पुढाऱ्यांचे नवे थेर" म्हणून हसला, तेव्हा आम्हांला तो मुलगा आठवला.

अर्थात याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्रास खरा असतो, परंतु त्याचे आपण काढलेले कारण खरे असेलच असे नाही. २०१८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी, सेलिॲक नसूनही ग्लूटेन सोडलेल्या ५९ माणसांना एकसारख्या दिसणाऱ्या वड्या पाळीपाळीने खाऊ घातल्या. एकीत ग्लूटेन, दुसरीत फ्रुक्टान ही शर्करेची साखळी, तिसरीत दोन्ही नाही. सर्वांत अधिक त्रास फ्रुक्टानने झाला. ग्लूटेनचा आणि रिकाम्या वडीचा फरक जवळजवळ दिसला नाही. फ्रुक्टान गव्हात असते, तसे कांद्यात आणि लसणातही असते. तेव्हा चपाती सोडूनही ज्याचे पोट दुखते, त्याने आपल्या भाकरीबरोबरच्या कांद्याकडेही पाहावे.

म्हणून आमचे सांगणे असे. संशय आला तर गहू सोडण्याआधी तपासणी करून घ्या. उत्तर भारतात सेलिॲक शंभरात सुमारे एकाला असतो असे आढळले आहे, आणि आपल्या एमआयडीसीत तिकडचे पुष्कळ भाऊ काम करतात. औषध घेऊनही रक्त वाढत नसेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर पथ्याने ते झाकू नका. सेलिॲक ठरला तर पथ्य जन्मभराचे आणि कडक. तपासणीत काही निघाले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे गहू बंद करा, मग पुन्हा सुरू करा, आणि रोज काय खाल्ले, काय झाले, ते वहीत लिहा. आमची अशी वही आहे. ती कोणत्याही कचेरीत चालत नाही, परंतु आम्हांला ती खरे सांगते.

ज्याला कडक पथ्य पाळावयाचे आहे त्याने लपलेला गहू ओळखावा. रवा, मैदा, शेवया, कुरडई, लापशी ही सारी गव्हाचीच रूपे. खपली गहू पचायला हलका म्हणून पुष्कळजण सुचवितात, पण त्यातही ग्लूटेन असतो. डबीतल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेले असते. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर गहू भाकरीत येतोच. म्हणून गिरणीवाल्याला सांगून दळण वेगळे करून घ्यावे. मात्र महागड्या "ग्लूटेनमुक्त" बिस्किटांमागे धावण्याचे कारण नाही. बारामतीच्या बाजारात ज्वारी आहे, बाजरी आहे. आपल्या आजीचे ताट हेच पथ्याचे ताट आहे.

राहिला कॅन्टीनचा प्रश्न. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद केली. २०२० च्या संहितेने ती संख्या शंभरावर आणली. पण ताटात काय असावे, हे आपणच बोलून ठरविले पाहिजे. चपात्या यंत्रावर हजारांनी निघतात, भाकरी हाताने थापावी लागते, ही व्यवस्थापनाची अडचण खरी आहे. तरी एका कारखान्यात आम्ही बोललो, आणि आता शेजारच्या वाडीतल्या बायका रोज भाकरी करून देतात. ती घेण्यासाठी कोणालाही दाखला दाखवावा लागत नाही. ही अट आम्ही मुद्दाम घालून घेतली. जो मुलगा काम सोडून गेला, त्याला ती भाकरी मिळाली नाही. त्याच्यासारखा दुसरा कोणी आपल्या शेजारी जेवायला बसला आणि त्याने चपाती बाजूला सारली, तर आपण त्याला कागद मागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.